नवऱ्यासाठी रिव्हॉल्वर

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी नवऱ्यासाठी रिव्हॉल्वर निवडायला गेले. माझ्या मैत्रिणी त्या वयात नवऱ्यांसाठी स्वेटर विणत होत्या.

आम्ही म्हैसूरचे जुने मराठी लोक, रंगाऱ्यांचे. पणजोबांनी कापडावर ठसे उमटवले, वडिलांनी कागदावर. अग्रहार नावाच्या पेठेत त्यांचा छापखाना होता आणि त्यात लग्नपत्रिकांपेक्षा पत्रकं जास्त छापली जायची. दारूबंदीचं पत्रक, कसणाऱ्याच्या जमिनीचं पत्रक, हुंड्याविरुद्धचं, बसच्या भाडेवाढीविरुद्धचं. इतर मुली ‘आई भाकरी करते’ वाचून साक्षर झाल्या. मी ‘बंधुभगिनींनो, आता तरी जागे व्हा’ वाचून झाले. त्यामुळे एखादी गोष्ट हळू आवाजात सांगता येते हे मला बरंच उशिरा कळलं.

नवरा माझ्या अगदी उलट. तो सरकारी मोजणी खात्यात सर्व्हेअर होता. अंगानं काडी, बोलणं मोजकं, आणि मोठ्या आवाजाचं वावडं. दिवाळीत कानात कापूस घालून बसायचा. कोणाशी भांडायची वेळ आली तर आधी ‘माफ करा’ म्हणायचा. पण हद्दीच्या बाबतीत मात्र तो कोणाच्या बापाचं ऐकत नसे. दगड इथे आहे म्हणजे इथे आहे, हातभर तिकडे नाही. मी याच गोष्टीवर भाळले होते. चारचौघांत मी त्याला ‘अहो’ म्हणायची, घरात ‘तू’. सासूबाईंना दोन्ही ऐकू यायचं आणि त्या काही बोलत नसत. तेवढ्यापुरत्या त्याही पुरोगामी होत्या.

तेव्हा शहराबाहेर हूटगळ्ळीकडे कारखाने येऊ लागले होते आणि कारखान्यांच्या मागोमाग प्लॉट पाडणारे. तिथल्या एका जुन्या तलावाच्या काठचे हद्दीचे दगड एका उन्हाळ्यात गायब झाले. पाणी आटलेलंच होतं. तलावाच्या पोटात चुन्याच्या रेघा मारून कोणीतरी प्लॉट विकायला काढले. गावकरी तहसीलदारांकडे गेले, तहसीलदारांनी मोजणीचा हुकूम काढला, आणि हुकूम फिरत फिरत माझ्या नवऱ्याच्या टेबलावर आला. म्हैसूरच्या राजांच्या काळचा एक नकाशा होता. त्यात प्रत्येक दगडापासून पुढच्या दगडाची दिशा आणि अंतर लिहिलेलं होतं. त्यावरून दगडांच्या जागा पुन्हा शोधायच्या, पंचांसमोर दाखवायच्या आणि नकाशावर सही करायची, एवढं काम. मोजणी बरोबर निघाली तर तलाव वाचणार होता. चुकली तर समोरचा वकील ती कोर्टात फाडणार होता आणि पावसाळ्याच्या आत घरांचे पाये पडणार होते.

मी लगेच पत्रक लिहिलं. ‘तलाव प्यायला कोण निघालं आहे?’ अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते कन्नडमध्ये छापलं, आणि माझ्या हट्टाखातर थोड्या प्रती मराठीतही. मराठी प्रत फक्त सासूबाईंनी वाचली. खाली माझं नाव नव्हतं, ‘एक नागरिक’ एवढंच होतं, पण शेवटी तीन उद्गारचिन्हं असल्यामुळे सगळ्या गल्लीला लिहिणारी कळली.

त्यानंतर एका दुपारी सफारी सूट घातलेला एक गृहस्थ आमच्याकडे आला. प्लॉटवाल्यांचा माणूस. चप्पल बाहेर काढून आत आला, सासूबाईंच्या हातचं ताक प्यायला, तब्येतीची चौकशी केली. उठताना म्हणाला, “सार रोज संध्याकाळी त्याच रस्त्यानं स्कूटरवर येतात नाही का, अम्मा? एकटेच असतात. काळजी वाटते हो.”

सासूबाईंनी त्याचा पेला दोनदा घासला.

दोन दिवसांनी नवऱ्याच्या स्कूटरची ब्रेकची तार कापलेली सापडली. नशीब असं की ब्रेक लागत नाही हे त्याला ऑफिसच्या आवारातच कळलं आणि तो कुंपणाच्या मेंदीत जाऊन थांबला. घरी आला तेव्हा शर्टाला पानं चिकटलेली होती.

“मी हे काम सोडणार नाही,” तो म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं.

“सोड म्हणतंय कोण? पण मरू पण नकोस.”

त्याच्या साहेबांनी सुचवलं की शस्त्र-परवान्यासाठी अर्ज कर, मी शिफारस देतो. मला ही कल्पना फार पटली. स्वसंरक्षणाचा हक्क या विषयावर अप्पांनी छापलेलं एक पत्रक मला तोंडपाठ होतं. नवऱ्याला ती अजिबात पटली नाही. पण सासूबाई रात्रीचं जेवायच्या बंद झाल्या, तेव्हा त्यानं मुकाट्यानं अर्ज केला. पोलीस चौकशीला आले, शेजाऱ्यांना विचारून गेले, आणि शेजाऱ्यांनी असा माणूस अख्ख्या अग्रहारात नाही असं सांगितल्यामुळे परवाना मिळाला. पोलिसांच्या मैदानावर त्याला नेम धरायलाही शिकवलं. शिकवणारा हवालदार मला म्हणाला, “मेडम, हात स्थिर आहे साहेबांचा. फक्त दोन्ही डोळे मिटतात.”

मग आम्ही दुकानात गेलो. बाजारातल्या एका अंधाऱ्या जिन्यावर बंदुकांचं दुकान होतं. भिंतीवर गव्याचं डोकं, त्याखाली कोट घातलेला म्हातारा मालक. नवरा आत शिरल्या शिरल्या भिंतीवरची नियमांची पाटी वाचायला लागला, म्हणून बोलणं माझ्यावर आलं.

“मेडमसाठी?” मालकानं विचारलं.

“यजमानांसाठी.” एरवी हा शब्द मी वापरत नाही. त्या दिवशी मात्र तो वापरायला मजा आली.

मालकानं पाठमोऱ्या नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काचेच्या कपाटातून एक पिस्तूल काढलं. जुनं, परदेशी, मुठीत मावेल एवढं. एका कॉफीच्या मळेवाल्याकडून आलेलं होतं. “हे लपतं. हलकं. मळेवाल्यांच्या बायका हे पर्समध्ये ठेवत.”

“बायकांचं म्हणून हलकं, असं का?” मी म्हणाले. “बायकांवर हल्ला हलका होतो काय?”

“अगं,” नवरा पाटीसमोरूनच म्हणाला, “माफ करा, सार.” आणि जवळ येऊन त्यानं ते हातात घेतलं. त्याला ते आवडलं हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. ते जवळजवळ नव्हतंच, हे त्याला आवडलं होतं.

“हे अडकतं का?” मी विचारलं.

“जुनी स्प्रिंग आहे. कधीतरी अडकतं.”

“कधीतरी म्हणजे कधी?”

“नेमकं पाहिजे असतं तेव्हा,” म्हातारा म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला.

मग त्यानं दुसरं काढलं. आपल्याच सरकारी कारखान्यातलं नवं रिव्हॉल्वर, अख्खं पोलादाचं, काळंभोर. ते काचेवर ठेवलं तर काच कुरकुरली. “हे अडकत नाही. चाप ओढला की उडणार. जड आहे, तेवढंच.”

“यातल्या कशाचा आवाज कमी होतो?” नवऱ्यानं विचारलं.

मालकानं चष्मा काढला. “सार, आवाजच नको असेल तर खाली छत्र्यांचं दुकान आहे.”

मी पोलादी पसंत केलं. स्वदेशी होतं, नवं होतं, आणि त्याचा चेहरा प्रामाणिक होता. माझ्या मते शस्त्रानं शस्त्रासारखं दिसावं. नवरा म्हणाला की ते बांधून आपल्याला चालता येणार नाही. भांडण दुकानातच होणार होतं, पण मालकानंच तोडगा काढला: तेवढ्या वजनाचं काहीतरी आठवडाभर कमरेला बांधून पाहा, झेपलं तर या.

वजनाची सोय आमच्या घरचीच होती. छापखान्यातली अक्षरं शिशाची असतात, त्यांना खिळे म्हणतात, आणि शिशाइतकं थोडक्या जागेत जड काही नसतं. अप्पांनी झिजलेले खिळे तेवढ्याच वजनाचे तोलून दिले. सासूबाईंचं माहेर शिंप्याच्या धंद्यातलं. त्यांनी जुन्या मांजरपाटाची लांबट पिशवी शिवली, तिला नाड्या लावल्या आणि मुलाला उभं करून ती ठिकठिकाणी बांधून पाहिली.

“मुळात लपवायचं कशाला?” मी म्हणाले. “परवाना आहे. उघड बांध. चोरी आहे काय?”

“मी शेतकऱ्यांच्या बांधावर जातो. कमरेला उघडं रिव्हॉल्वर बघून कोण मला खरं काय ते सांगेल?”

मी विषय बदलला आणि ते कुठे बांधायचं यावर आले. पाठीमागे बांधलं तर स्कूटरवर टोचत होतं. पोटरीला बांधलं तर तो लंगडत होता. खांद्याच्या पिशवीत ठेवलं तर ती पिशवी मोजणीची साखळी धरणाऱ्या शिपायाकडे असायची, म्हणजे संरक्षण शिपायाचं. शेवटी पोटावर, डावीकडे, बुशशर्टाच्या आत.

सासूबाईंनी लांब उभं राहून पाहिलं. “दिसतंय की रे.”

“शर्ट सैल शिव.”

“शर्टाचं नाही रे, स्वल्प पोट पाहिजे, पोट! तुझ्या बापाला होतं. त्यांनी तोफ लपवली असती.”

तर असा तो आठवडाभर पोटावर शिसं बांधून हिंडला. माझ्या मते ते बेमालूम लपलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याच्या नेहमीच्या कॉफीच्या हॉटेलमालकानं त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “सार, हर्निया का? माझ्या भावालाही होता. ऑपरेशन करून टाका, भिऊ नका.” ऑफिसात त्याला खुर्ची ओढून द्यायला लागले. शेजारच्या काकू कसलासा काढा घेऊन आल्या. त्यानं सगळं निमूट ऐकलं, काढासुद्धा प्यायला.

“म्हणजे लपलं,” मी म्हणाले.

“लपलं,” तो म्हणाला. “फार आदरानं लपलं.”

पण वजनाची सवय झाली, शेतांवरच्या मोजण्याही सुरळीत झाल्या, आणि आठवड्याच्या शेवटी तो स्वतःच म्हणाला की चल, घेऊन येऊ. आम्ही पोलादी आणलं. सासूबाईंनी मांजरपाटाच्या जागी कॅनव्हासची पिशवी शिवली, तिच्यावर झाकण, झाकणाला टिचबटण. मी माझ्या निवडीवर इतकी खूश होते की पंचांसमोरच्या मोजणीच्या दिवशी डबा घेऊन येते म्हणून मीही स्कूटरवर मागे बसले. खरं तर मला बघायचं होतं. काय बघायचं होतं, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. माझा नवरा ताठ मानेनं तलावाभोवती फिरतोय, आणि ते सफारीवाले लांब उभे आहेत, असं काहीतरी.

सकाळची वेळ होती. तलावात पाणी नव्हतंच, भेगाळलेली माती आणि तिच्यावर चुन्याच्या रेघा. मारम्माच्या देवळाजवळ एकच जुना दगड शाबूत राहिला होता, बहुधा देवीला भिऊन. तिथे पंच बसले होते, गावातली जुनी माणसं उभी होती. सफारीवाला आला होता, त्याचा वकील आला होता, आणि दोन दांडगे तरुण आले होते, ज्यांचं तिथे काहीच काम नव्हतं. ते दोघे नवऱ्याच्या अगदी खांद्याशी येऊन उभे राहिले. बोलत काही नव्हते. नुसते श्वास घेत होते.

नवऱ्यानं तिवईवर कंपास लावला. नकाशातली दिशा साधायची, त्या दिशेनं साखळीनं अंतर मोजायचं, तिथे खुंटी ठोकायची, मग तिथून पुढची दिशा. असं करत तलावाला पूर्ण फेरा घालून पुन्हा मारम्माच्या दगडावर यायचं. जिथून निघालो तिथेच फेरा मिटला तर मोजणी बरोबर. त्यात वाद घालायला जागाच राहत नाही, म्हणून त्याला हे काम आवडायचं.

मी देवळाच्या पायरीवर बसून पाहत होते. तो खरंच ताठ चालत होता. ऊन चढलं. दोन-तीन तासांनी शेवटची दिशा साधून साखळी देवळाकडे आली आणि शिपायानं खुंटी ठोकली. दगड तिथून एका घराच्या अंतरावर होता.

मग सफारीवाला म्हणाला, “सार, तलाव सरकला वाटतं.”

वकील हसला आणि घड्याळ बघून पंचांना म्हणाला की ही मोजणी तुमच्यासमोर झाली आहे हे लक्षात ठेवा. एक म्हातारा शेतकरी नवऱ्याकडे नुसता बघत राहिला. त्याची जमीन तलावाच्या खालच्या अंगाला होती. मला वाटलं, आता हा माझा नवरा ‘माफ करा’ म्हणणार आणि सगळं संपणार.

तो परत कंपासाजवळ गेला. वाकून पाहिलं. एक पाऊल मागे सरला, मान लांब करून पुन्हा पाहिलं. पुढे झाला. मागे झाला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पोटावर हात ठेवला.

मला आधी वाटलं, दुखतंय. मग कळलं.

कंपासाजवळ लोखंड चालत नाही. चुंबकाचा काटा त्याच्याकडे ओढला जातो. सर्व्हेअरला हे पहिल्याच दिवशी शिकवतात. माझा नवरा काम सुरू करण्याआधी किल्ल्या, घड्याळ, शर्टाला लावलेली टाचणीसुद्धा काढून शिपायाकडे द्यायचा, त्या सकाळीही दिली होती. पण पोटावरचं वजन आठवडाभर अंगवळणी पडलं होतं, आणि ते वजन शिशाचं होतं. शिशाला काटा ओळखत नाही. आम्ही दोघांनी मोठ्या हुशारीनं तालीम केली होती ती नेमकी अशा गोष्टीची, की जिच्यामुळे काही बिघडतच नव्हतं. अख्खं पोलादाचं, स्वदेशी, प्रामाणिक चेहऱ्याचं रिव्हॉल्वर मी निवडलं, आणि त्यानं तलाव एका घराएवढा सरकवला.

नवरा पंचांकडे गेला. “मोजणी चुकली,” तो म्हणाला. “चूक माझी आहे. माझ्या अंगावर लोखंड होतं. पुन्हा पहिल्यापासून मोजतो.” आणि सगळ्यांसमोर शर्ट वर करून त्यानं टिचबटण उघडलं.

गर्दी एकदम मागे हटली. “अय्यो,” कोणीतरी म्हणालं. “हर्निया नव्हे!” म्हणजे बातमी हूटगळ्ळीपर्यंत पोचलेली होती.

आता ते ठेवायचं कुठे? मी हात पुढे केला, पण कायदा मलाही ठाऊक होता. परवाना त्याच्या नावाचा, मी ते बाळगू शकत नव्हते. शिपायाकडे द्यायचा प्रश्नच नव्हता. शेवटी त्यानं गोळ्या काढून खिशात टाकल्या, मग त्याही पुन्हा काढल्या, आणि सगळं स्कूटरच्या डिकीत ठेवून कुलूप लावलं. स्कूटर लांब रस्त्याकडेला चिंचेखाली नेली.

“तू इथे बस,” तो मला म्हणाला. “याच्यावर लक्ष ठेव.”

“आणि तुझ्यावर कोण ठेवणार?”

“उशीर होतोय,” तो म्हणाला आणि निघून गेला.

त्याच्या संरक्षणासाठी आणलेल्या रिव्हॉल्वरचं संरक्षण करत मी स्कूटरवर बसले. तो आता निःशस्त्र आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. ते दोन तरुण पुन्हा त्याच्या खांद्याशी जाऊन उभे राहिलेले मला लांबून दिसले. सफारीवाला मात्र माझ्याकडे आला. रुमालानं मान पुसत म्हणाला, “ऊन फार आहे, अम्मा. साहेबांना घरी घेऊन जा. फेरमोजणी पुढच्या महिन्यात ठेवू. सुम्मने, उगाच कशाला ताण?”

“आजच मोजतील.”

“एकटा माणूस आहे हो.”

“एकटा कसा? अख्खं गाव आहे की!” मी म्हणाले, आणि माझा आवाज आपोआप पत्रकाच्या पट्टीत गेला. गावकऱ्यांनी वळून पाहिलं. तेवढ्यात तिकडे नवऱ्याचा आवाज ऐकू आला. तो ओरडत नव्हता. त्याला ओरडता येत नाही. पण सगळे गप्प होते म्हणून ऐकू आलं.

तो कंपासावर वाकलेला होता. वर न बघताच कन्नडमध्ये म्हणाला, “माझ्या उजवीकडे जे उभे आहेत, त्यांनी जरा लांब व्हावं. काटा हलतोय.”

उजवीकडचा तरुण हलला नाही.

“माझ्यापाशी आता काही नाही,” नवरा म्हणाला. “तरी काटा हलतोय. तुमच्या कमरेला लोखंड आहे. माफ करा. बाजूला व्हा.”

पंच उठून उभे राहिले. त्यांतला सगळ्यात वयस्कर माणूस काठी टेकत जवळ गेला आणि कंपासात डोकावला. तरुण मागे सरला तसा काटा शांत झाला असावा, कारण म्हातारा म्हणाला, “परत ये बघू पुढे.” तरुणानं सफारीवाल्याकडे पाहिलं. सफारीवाला माझ्याशेजारी उभा होता आणि चिंचेच्या झाडाकडे बघत होता. “ये की,” म्हातारा म्हणाला, “काय आहे ते आम्हालाही कळू दे.”

तो पुढे आला नाही. बाकीच्या गावकऱ्यांनी मात्र ही गोष्ट भलतीच मनावर घेतली. ज्यांच्या हातात कोयते होते त्यांनी ते देवळाच्या ओट्यावर नेऊन ठेवले. कोणी किल्ल्या काढल्या, कोणी अडकित्ता काढला, एका म्हातारीनं कमरेची चंची तपासली आणि सुपारी कातरायची सुरी काढून ओट्यावर ठेवली. मग सगळेजण त्या दोघांकडे बघत उभे राहिले. तुम्हीही काढा म्हणून कोणी म्हणालं नाही. ते दोघे थोडा वेळ उभे राहिले, नंतर चुन्याच्या रेघांवरून चालत रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या जीपमध्ये जाऊन बसले.

मी स्कूटरवरून सगळं बघत होते.

दुसऱ्या फेऱ्यात तो एकटा नव्हता. साखळीच्या मागे, कंपासापासून बेताच्या अंतरावर, अख्खं गाव चालत होतं. नवरा दिशा सांगायचा आणि कोणीतरी ती मागच्यांना सांगायचं, जसं काही सगळ्यांनाच कळतंय. ऊन कललं. मी डबा उघडून एकटीनं खाल्ला, कारण स्कूटर सोडता येत नव्हती. शेवटची साखळी मारम्माच्या देवळाकडे आली तेव्हा मला इथून दगड दिसत नव्हता, माणसांच्या पाठीच दिसत होत्या. मग त्या पाठी हलल्या आणि ओरडा झाला.

खुंटी दगडाच्या इतकी जवळ पडली होती की मधलं अंतर तळहाताखाली झाकलं गेलं असतं. तेवढा फरक चालतो. पंचांनी सह्या केल्या, अंगठे उठवले. वकिलानं हरकत नोंदवायची आहे म्हणून सांगितलं आणि नवऱ्यानं त्याला स्वतःचं पेन दिलं.

मग तो माझ्याकडे आला, चिंचेच्या मुळावर बसला, आणि बराच वेळ उठला नाही. मी पाणी दिलं ते निम्मं शर्टावर सांडलं.

“तू घाबरला होतास?”

“सकाळपासून.”

“दिसलं नाही.”

“लपवलं होतं,” तो म्हणाला.

तलाव वाचला, एवढं खरं. दगड पुन्हा पुरले गेले. त्या पावसाळ्यात तिथे पाणी साठलं. प्लॉटवाले दुसरीकडे गेले. ते कुठेतरी जाणारच. धमक्या एकदम थांबल्या असं मी म्हणणार नाही. नवऱ्याची मोजणीची कामं चालूच राहिली आणि मोजणीच्या दिवशी ते पोलाद बांधता येत नाही, म्हणून ते कपाटात राहायला लागलं. काही महिन्यांनी त्यानं ते परत करायचं ठरवलं. मी कडाडून विरोध केला. मी अजूनही विरोध करते. माणसाला स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क आहे आणि हक्क कपाटात ठेवून गंजवायचा नसतो, हे माझं मत आहे. त्याचं म्हणणं एवढंच की बारा कामांपैकी अकरा कामांना जे काढून ठेवावं लागतं, ते आपलं नव्हे.

“मग ऑफिसच्या दिवशी तरी बांध,” मी म्हणाले.

“ऑफिसात मला कोण मारणार?”

“तुझे साहेब. बदलीचा कागद आला तर?”

तो हसला, स्कूटरच्या किल्ल्या घेतल्या आणि बन्नूरच्या बाजूला एका बांधाच्या भांडणाची मोजणी होती तिकडे निघाला. सासूबाईंनी दारातून विचारलं, एकटाच चाललास का. तो म्हणाला, नाही, तिथले लोक आहेत. मी मागून ओरडले की पोचल्यावर तिथल्या टपालकचेरीतून फोन कर. त्यानं हात वर केला. ऐकू आलं की नाही कोण जाणे. फोन दुपारी आला, तीन मिनिटांचा, आणि त्यातली दोन मिनिटं तो मला सांगत होता की दगड अगदी जागच्या जागी सापडला.